रोजची लोकल की कॉलेजजवळची खोली: ठरवण्याआधी करायचा हिशेब

इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षे मी बदलापूर ते माटुंगा असा प्रवास रोज केला आणि उरलेली दोन वर्षे सायन कोळीवाड्यातील तिघांच्या खोलीत काढली. त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी मला तोंडपाठ आहेत. प्रवेशाच्या याद्या लागल्या की नात्यातले किंवा इमारतीतले कोणीतरी हमखास विचारते, की मुलाचा पास काढावा की त्याच्यासाठी खोली बघावी. बहुतेक घरांत एका कागदावर पासाची किंमत आणि खोलीचे भाडे शेजारी शेजारी लिहिले जाते, आणि पास काहीशे रुपयांचा व भाडे काही हजारांचे असल्यामुळे चर्चा तिथेच संपते. कधी उलटेही होते: मुलगा आठवडाभर रात्री आठनंतर घरी आलेला पाहून आईचा जीव तुटतो आणि दुसऱ्याच रविवारी एजंटला टोकन दिले जाते. दोन्ही निर्णय घाईचे असतात, कारण दोन्हींत दिवसाच्या तासांचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

दोन आठवड्यांची वही

कॉलेज सुरू झाल्यावर पहिले काम म्हणून दोन आठवडे एक छोटी वही खिशात ठेवावी आणि घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंतची प्रत्येक वेळ तिच्यात लिहावी. मोबाइलवरील नकाशा किंवा वेळापत्रक पाहून काढलेला अंदाज येथे उपयोगाचा नाही, कारण त्यात रिक्षाची रांग नसते, पुलावरची गर्दी नसते आणि डोळ्यांदेखत सोडून दिलेल्या गाड्या तर नसतातच. माझ्या वहीतले एक पान अजून जपून ठेवले आहे. त्यावर लिहिले आहे: घर सोडले ६.१०, स्टेशन ६.२२, गाडी ६.३८, खिडकी मिळाली, दादर ७.५५, तिथून चालत कॉलेज ८.१७. त्याखाली परतीची नोंद आहे: प्रॅक्टिकल संपले ५.१०, दादर ५.३५, दोन गाड्या सोडल्या, तिसरी ६.०५ ला मिळाली, डोंबिवलीपर्यंत बॅग पोटाशी धरून उभा, बदलापूर ७.३५, शेअर रिक्षाची रांग, घरी ७.५६. वेळापत्रकाप्रमाणे हा प्रवास जाऊन-येऊन जेमतेम अडीच-तीन तासांचा दिसत असे. वहीप्रमाणे तो चार तास त्रेपन्न मिनिटांचा निघाला.

माटुंग्याला जलद गाड्या थांबत नाहीत, म्हणून दादरला उतरून चालत मागे यावे लागे किंवा कुर्ल्याला गाडी बदलून धीमी पकडावी लागे. अशा शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला घरी कोणी मोजत नाही. वहीत मात्र तोही वेळ येतो, आणि महिन्याच्या शेवटी त्याची बेरीज डोळ्यांत भरते.

वेळेच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात एवढेच लिहावे, की बसायला मिळाले की उभ्याने गेलो. माझ्या मते या संपूर्ण हिशेबातील हा सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे. कल्याणचा विद्यार्थी बदलापूरच्या विद्यार्थ्यापेक्षा सुमारे पंधरा किलोमीटर जवळ राहतो, तरीही सकाळी त्याची अवस्था अधिक वाईट असू शकते, कारण बदलापूरहूनच सुटणाऱ्या गाडीत बदलापूरकराला जागा मिळते आणि तीच गाडी कल्याणला येईपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. उलट कर्जत किंवा खोपोलीहून येणारी गाडी बदलापूरकरालाही भरलेलीच मिळते. तेव्हा स्टेशन किती दूर आहे यापेक्षा तुमच्या वेळेची गाडी कुठून सुटते, हे आधी पाहावे. बसून केलेल्या सव्वा तासात मी जर्नल लिहिली आहेत, गणिते सोडवली आहेत आणि झोपही काढली आहे. उभ्याने केलेल्या पन्नास मिनिटांतून मात्र दुखऱ्या खांद्यांखेरीज काहीही हाती लागले नाही.

एका तासाची किंमत

वही भरली की आकडेमोड सुरू करावी. पुढील रकमा केवळ रीत समजावी म्हणून घेतल्या आहेत. तुमच्या भागातील खरे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

समजा, रोजचा प्रवास चार तास पन्नास मिनिटांचा आहे आणि कॉलेजजवळ राहिल्यास चालण्यात अर्धा तास जाईल. म्हणजे दिवसाला चार तास वीस मिनिटे वाचली. पण खोलीवर राहणाऱ्याला कपडे धुणे, पाणी भरणे, झाडलोट, डबा आणणे आणि तो घासून परत देणे ही कामे स्वतः करावी लागतात. घरी ही कामे आपोआप होतात असे आपल्याला वाटत असते, कारण ती आईने केलेली असतात. त्यासाठी एक तास वीस मिनिटे धरली, तर खरी बचत तीन तासांची उरते. महिन्यात कॉलेजचे बावीस दिवस धरले तर ती ६६ तास होते. आता खर्चाकडे वळू. वाटून घेतलेल्या खोलीतील एका कॉटचे भाडे ९,००० रुपये, डब्याचे ४,५०० आणि किरकोळ १,००० मिळून १४,५०० रुपये होतात. त्यातून पास, रिक्षा आणि बाहेरच्या खाण्याचे वाचणारे २,५०० वजा केले, तर महिन्याला १२,००० रुपये जास्तीचे लागतात. ६६ तासांनी भागले की एक तास सुमारे १८२ रुपयांना पडतो, आणि हा भाव ऐकून पुष्कळ पालक तयारही होतात.

येथे दोन चुका राहून गेल्या आहेत. सकाळी बसून मिळणारा वेळ हा गेलेला वेळ नव्हे. रोज ६५ मिनिटे वाचन होत असेल, तर महिन्याचे जवळपास २४ तास बचतीतून कमी करावे लागतात आणि ४२ तास उरतात. दुसरी चूक अधिक महाग आहे. खोलीचा करार साधारणपणे अकरा महिन्यांचा असतो. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षेनंतरचे रिकामे आठवडे आणि मे महिना सोडला तर वर्गात जाण्याचे महिने जेमतेम आठ भरतात. पास सुट्टीत काढला नाही तरी चालते, भाडे मात्र सुट्टी घेत नाही. अकरा महिन्यांचे ९९,००० रुपये आठ महिन्यांवर वाटले, तर भाडे ९,००० चे १२,३७५ होते आणि जास्तीचा खर्च १५,३७५ वर जातो. त्याला ४२ ने भागल्यावर एक तास ३६६ रुपयांना पडतो, म्हणजे पहिल्या भावाच्या दुप्पट. ज्याला सकाळीही उभ्यानेच जावे लागते त्याचे ६६ तास मात्र शाबूत राहतात, आणि त्याच खर्चात त्याला तास सुमारे २३३ रुपयांना मिळतो. हा फरक त्या बसण्याच्या रकान्यानेच घडवलेला आहे.

पासाबद्दलही थोडे सांगायला हवे. विद्यार्थ्यांना सीझन तिकिटावर निम्मी सवलत मिळते आणि त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयातून कन्सेशनचा फॉर्म घ्यावा लागतो. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट किमतीला येतो, म्हणजे तिमाही पासात फारशी बचत नाही; सत्राच्या मधेच खोली घेण्याचा विचार असेल तर महिन्याचाच पास काढलेला बरा.

हे तास कोणत्या वेळचे आहेत

भाव काढून झाल्यावर पाहायचे ते वेळापत्रक. मुंबईतील अनेक वाणिज्य महाविद्यालयांची व्याख्याने सकाळी सातला सुरू होतात आणि दुपारी बाराच्या सुमारास विद्यार्थी मोकळा होतो. अशा विद्यार्थ्याला पहाटे अंधारात निघावे लागते हे खरे, पण तो मुख्य गर्दीच्या आधी जातो आणि परत येताना त्याला हमखास बसायला मिळते. दुपारी दोनला जेवून तो मोकळा असतो. त्याने केवळ अंतराला घाबरून खोली घेणे मला पटत नाही. याउलट आर्किटेक्चरचे स्टुडिओचे काम, वैद्यकीय शाखेतील वॉर्डाच्या पाळ्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातील प्रकल्प यांची वेळ घड्याळाला बांधलेली नसते. प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत उघडी असते, गटातील बाकीचे चौघे तिथेच बसलेले असतात आणि तुम्ही मात्र साडेपाचला बॅग उचलता. दोन वर्षे मी ती बॅग उचलली. गटात माझ्याकडे नेहमी अहवाल टाइप करण्याचे काम येई, कारण ते घरी बसून करता येत असे. मूळ यंत्राला हात लावणारे दुसरेच असत. प्रवासाने माझे गुण फारसे कमी झाले नाहीत, पण हाताचे काम शिकायचे राहिले, आणि तिसऱ्या वर्षी मी खोली घेतली ती याच कारणासाठी.

म्हणून स्वतःला नेमके विचारावे, की जवळ राहिल्याने वाचणाऱ्या तासांत मी काय करणार आहे. उत्तर ‘अभ्यास’ असे मोघम आले तर थोडे थांबावे. ‘ग्रंथालय रात्री नऊपर्यंत वापरणार आहे’, ‘संध्याकाळी क्लास घेऊन चार पैसे मिळवणार आहे’ असे ठोस काही सांगता आले, तर खोलीचा विचार पुढे न्यावा. मुलींनी यात आणखी एक गोष्ट आधी तपासावी. पेइंग गेस्ट म्हणून राहण्याच्या अनेक जागांमध्ये दार रात्री नऊला किंवा दहाला बंद होते, आणि ग्रंथालयासाठी घेतलेली खोली त्याच वेळेमुळे ग्रंथालय सोडायला लावणार असेल तर तिचा अर्धा उपयोग संपला.

पाऊस, दार आणि रात्र

पावसाळ्याची भीती घालून खोली घ्यायला लावणारे पुष्कळ भेटतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर ते वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली. या दोन तारखा आमच्या भागातील लोक अजून विसरलेले नाहीत. तरीही वर्षातील गाड्या पूर्ण बंद पडण्याचे दिवस मोजले तर ते बोटांवर मोजण्याइतकेच भरतात. त्यांच्यासाठी अकरा महिन्यांचे भाडे भरण्याऐवजी कॉलेजजवळ राहणाऱ्या एखाद्या मित्राकडे एक चादर आणि कपड्यांचा एक जोड ठेवून द्यावा. सत्र परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा तिथेच जावे, कारण परीक्षेच्या दिवशी गाडी रखडली तर ती तक्रार ऐकून घ्यायला कोणी बसलेले नसते.

गर्दीचा धोका मात्र मी अशा रीतीने बाजूला सारणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकून प्रवास करणारे प्रवासी धावत्या गाड्यांतून खाली पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. तुमची पहिली तासिका गाठायची तर दारात लटकल्यावाचून गत्यंतर नाही, असे वहीतील नोंदींवरून दिसत असेल, तर पुढील सगळी आकडेमोड बाजूला ठेवावी आणि एक तर आधीची गाडी पकडावी किंवा जागा बदलावी.

खोली बघायला जाताना

खोली घ्यायचे ठरले तर ती दुपारी बघू नये. दुपारी सगळ्याच खोल्या शांत आणि हवेशीर दिसतात. सकाळी सातला जावे, कारण मुंबईत नळाला पाणी ठरावीक तासच येते आणि सहा जणांत एक न्हाणीघर असेल तर त्याचा अर्थ त्याच वेळी कळतो. मी जी खोली पहिल्यांदा नाकारली तिच्यात तीन कॉट होत्या आणि प्लग एकच होता. एजंट म्हणाला, “एक्स्टेन्शन लावा की साहेब.” मी गादीची कड उचलून पाहिली तर खालची फळी ओलीने काळी पडली होती. भिंतीला नवा रंग होता; पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या हातभर भागालाच नवा रंग दिसला, तर तिथे ओल येते असे खुशाल समजावे.

माटुंग्यात विद्यार्थ्याला परवडणारी जागा क्वचित मिळते, म्हणून बहुतेक जण सायन, कोळीवाडा, अँटॉप हिल किंवा वडाळ्याकडे वळतात. तिथून कॉलेजपर्यंत एकदा स्वतः चालून किंवा बसने जाऊन पाहावे, तेही कॉलेजच्याच वेळी. जवळ म्हणून घेतलेल्या जागेवरून दीड तास जाऊन-येऊन लागत असेल, तर वरच्या हिशेबातील बचत पुन्हा घटवावी लागेल. आधीपासून तिथे राहणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन डबा कसा असतो आणि मागच्या मुलाची अनामत किती दिवसांनी परत मिळाली, हे दोनच प्रश्न विचारावेत.

पूर्ण खोली घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे “विद्यार्थ्यांना करार कशाला” हे उत्तर ऐकून घेऊ नये. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये हा मुख्य सरकारी खर्च असतो. एजंट त्यावर स्वतःची रक्कम चढवून सांगतो, तेव्हा दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. दलाली साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकी घेतली जाते. बारावीनंतर लगेच प्रवेश घेतलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली नसतील तर करारावर पालकांनीच सही करावी. लॉक-इनचा, म्हणजे ज्यात खोली सोडता येत नाही तो, कालावधी किती आहे, नोटीस किती दिवसांची आहे आणि अनामतीतून रंगकामाचे पैसे कापणार का, ही तीन वाक्ये करारात शोधावीत. तिसरे वाक्य मी शोधले नव्हते. खोली सोडताना आम्हा तिघांच्या अनामतीतून रंगाचे पैसे गेले, आणि भिंती आम्ही आलो तेव्हाही तशाच होत्या हे सांगायला आमच्याकडे एक छायाचित्रसुद्धा नव्हते. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला असा करार सहसा मिळत नाही. त्याने निदान अनामतीची सही केलेली पावती घ्यावी आणि भाडे बँकेतूनच द्यावे.

मधल्या वाटा

वसतिगृहाचा अर्ज सर्वांत आधी करावा, हे सांगण्याची गरज पडू नये. तरी पुष्कळ जण ‘मुंबईच्या आसपासच्यांना देत नाहीत’ असे ऐकून अर्जच करत नाहीत. पहिल्या यादीत नाव नसले तरी काही मुले सोडून गेल्यावर जागा होतात, म्हणून कार्यालयात दर आठवड्याला विचारत राहावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही, तर २०१६-१७ पासून सुरू असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. त्यांत भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. या योजनांत विद्यार्थी त्या शहरातील स्थानिक नसावा अशी अट असते, आणि रक्कम हप्त्याहप्त्याने उशिरा हाती पडते असे धरून चालावे. पहिल्या चार महिन्यांचे भाडे आणि अनामत दुसरीकडूनच उभी करावी लागते.

नातेवाइकांकडे राहणे हा मराठी घरांतील जुना तोडगा आहे. घाटकोपरची आत्या किंवा मुलुंडची मावशी ‘राहू दे की इथेच’ म्हणते तेव्हा ती मनापासूनच म्हणत असते. पण वन-रूम-किचनमध्ये चौघांचे पाच झाले की रात्री अकराला दिवा चालू ठेवण्याचाही संकोच वाटतो. पूर्ण वर्षाऐवजी परीक्षेचे दोन महिने राहावे, आणि पैसे घेत नसतील तर गॅस किंवा महिन्याचे वाणसामान आई-बाबांनी परस्पर भरावे; यात मान दोघांचाही राहतो. आणखी एक वाट म्हणजे प्रवास अर्ध्यावर आणणे: ठाणे किंवा कळव्याच्या आसपास शेअरिंगने राहिल्यास भाडे माटुंग्याच्या मानाने कमी पडते आणि धीमी गाडी थेट माटुंग्याला सोडते. मात्र सकाळी तिथे चढायला मिळते का, हे आठवडाभर पाहिल्याशिवाय ही वाट धरू नये.

माझ्या अनुभवाने, पहिले सत्र शक्यतो घरूनच करावे आणि निर्णय दिवाळीच्या सुट्टीत घ्यावा. तोपर्यंत वेळापत्रक कळलेले असते, वही भरलेली असते आणि ज्याच्याबरोबर खोली वाटून घेता येईल असा माणूस ओळखीचा झालेला असतो; जुलैमध्ये अनोळखी रूममेट मिळतो आणि ऐन प्रवेशाच्या गर्दीत भाडेही चढे असते. सहा तासांपेक्षा कमी झोप सतत होत असेल किंवा हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली घसरू लागली असेल, तर मात्र दिवाळीचीही वाट पाहू नये. डिसेंबरमध्ये खोली घेताना करार अकरा महिन्यांऐवजी मे अखेरपर्यंतचाच करता येईल का, हे मालकाला विचारावे. तो नाही म्हणाला तर लॉक-इन तीन महिन्यांवर आणून घ्यावे, किल्ली हातात येताच चारही भिंतींची, नळांची आणि मीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत, आणि नोटीस द्यायची तारीख त्याच दिवशी घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी.